ढेकळाची पहिली चाल

बिबवेवाडीतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची दोन स्वयंपाकघरं डक्टच्या दोन अंगांना समोरासमोर आहेत. एक हिराताई वानखड्यांचं, दुसरं नम्रताचं. नम्रताकडे सगळ्यांची जेवणं उरकली की ताटं बेसिनमध्ये पडतात आणि त्यांचा खणखणाट डक्टमधून अलीकडे येतो. तो ऐकला की हिराताई आपलं ताट वाढून घेतात. हे कुणालाच ठाऊक नाही. नम्रताला तर नाहीच. तिचं माहेर शनिवार पेठेतलं. तिला कळलं असतं तर तिनं डक्टच्या खिडकीला पाटीच लावली असती, ‘येथे शेजाऱ्यांच्या जेवणाची वेळ कळवली जाते.’

हिराताईंना शेवटी जेवायची सवय जन्माची. दर्यापूरला माहेरी चार बहिणी, त्यात या धाकट्या. न्हाणीतलं कढत पाणी, शाळेचं दप्तर, फ्रॉक, सगळं वरून खाली उतरत त्यांच्यापर्यंत यायचं. लग्न होऊन पुण्यात आल्या तर इथे सासरे, मग नवरा, मग दीर, आणि पुढे लेक उत्कर्षा. कुणी जबरदस्ती केली असं मुळीच नाही. नवरा सीताराम टेलिफोन खात्यात होता, भला माणूस. तो म्हणायचा, “अगं, बस की आमच्याबरोबर.” या म्हणायच्या, “तुमचं होऊ द्या.” आणि तसं म्हणताना त्यांना बरंच वाटायचं. शेवटी बसणाऱ्याला सगळं दिसतं. कुणी पोळी टाकली, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं काय बिनसलंय. वरणात मीठ कमी पडलं असेल तर आधी बसणारा सांगायचा, आणि हिराताईंच्या ताटात यायच्या आत ते नीट झालेलं असायचं.

वैशाखात सीताराम गेले. दुपारी पडले होते, ते उठलेच नाहीत.

पुण्यानुमोदनाला हिराताई पांढरी साडी नेसून विहारात बसल्या, आल्यागेल्याला पाणी विचारत राहिल्या. दर्यापूरहून बहिणी आल्या होत्या, त्या गळ्यात पडून रडल्या. हिराताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लोक म्हणाले, फार धीराची बाई. धीर कसला! दात काढल्यावर गाल बधिर होतो बघा, बोट लावलं तरी तो आपला वाटत नाही. तसं त्यांना सगळ्या अंगाला झालं होतं. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

सगळे गेल्यावर एक अडचण मात्र लक्षात आली. आता आधी जेवणार कोण? पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला, झाकून ठेवला आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. उन्हं सरकली, चहाची वेळ झाली. मग कधीतरी पलीकडे ताटं वाजली, तेव्हा त्या बसल्या. त्या दिवसापासून तोच नेम झाला.

उत्कर्षा बंगळूरला असते, ती आणि तिचा नवरा अभिनव. दोघंही संगणकाच्या नोकरीत. तिचा रोज फोन येई.

“जेवलीस का?”

“जेवले. तू?”

“जेवले. आणखी काय?”

“काही नाही. तू सांग.”

“नाही, तू सांग ना.”

आधी हा फोन वडिलांच्या हातात असायचा, तेच बोलायचे आणि मायलेकी मागून हुंकार द्यायच्या. आता मधला माणूस गेला आणि दोन हुंकार तेवढे उरले.

गणपतीच्या सुट्टीत उत्कर्षा आली, तेव्हा तिनं आईच्या मोबाइलवर एक खेळ घालून दिला. चित्रविचित्र प्राण्यांच्या झुंजीचा. लहानपणी तिला याच जातीच्या खेळाचं वेड होतं, आणि अजून ते गेलेलं नव्हतं. ती सोफ्यावर पाय घेऊन आईला खेटून बसली.

“हे बघ. तीन प्राणी तुझे, तीन माझे. एका वेळी एकेक समोर येतो. आपण दोघींनी आपापली चाल गुपचूप निवडायची. दोघींची निवडून झाली की मग ज्याचा वेग जास्त, त्याची चाल आधी होते.”

“आणि ज्याचा कमी?”

“त्याची नंतर. जिवंत राहिला तर.”

“बाप्पा!” हिराताई म्हणाल्या.

प्राणी निवडताना त्यांचं बोट एका मातीच्या गोळ्यावर थांबलं. दोन बारीक डोळे, पाठीवर गवत.

“आई, ते नको. या खेळात त्याच्याइतकं मंद कुणी नाही. ते कुणीच घेत नाही.”

“मग मी घेते. कुणीच घेत नाही म्हणतेस तर.”

त्याचं नाव त्यांनी ढेकूळ ठेवलं. खेळातली नावं सगळी इंग्रजी. त्यांनी ती आपल्या सोयीनं बदलून घेतली. एका चालीला ‘आडोसा’ म्हणायच्या, ती समोरच्याचा एक वार अडवते, पण लागोपाठ दोनदा लावली तर टिकत नाही. दुसरी ‘झडप’, तिचा मार हलका, पण वेग कितीही कमी असो, ती सगळ्यांच्या आधी बसते. ढेकळाला ती येत नव्हती, उत्कर्षाच्या मुंगसाला येत होती. ढेकळाची एक सरळ माराची चाल होती, ‘गडगड’, अंगावर लोळत जायचं. आणि एक होती ‘परतफेड’. त्या फेरीत समोरच्यानं आधी मारलं असेल तर परतफेड दुपटीनं लागते. मारलं नसेल तर नुसता धक्का.

परतफेड हिराताईंना फारच आवडली. दर रविवारी दुपारी, बंगळूर ते बिबवेवाडी, फोनचा स्पीकर लावून मायलेकी खेळायला लागल्या, आणि हिराताई परतफेडीवर खेळत राहिल्या. मुंगूस विजेसारखं यायचं, चावायचं, आणि ढेकूळ मार खाऊन झाल्यावर सावकाश उठून दुपटीनं द्यायचं. महिन्याभरात त्यांनी खेळातल्या बाजारातून एक शिशाचा गोळा मिळवला आणि ढेकळाच्या गळ्यात बांधला. त्यानं ते आणखी मंद झालं.

“आई, लोक वेग वाढवायला जीव टाकतात,” उत्कर्षा हसत म्हणाली. “तू वजन बांधतेस?”

“म्हणजे नक्की शेवटी जाईल. मधेच कुणाच्या आधी जायला नको.”

“शेवटी जाऊन तुला कळतं काय जास्तीचं? चाल तर तू आधीच निवडलेली असतेस.”

हिराताईंनी जरा विचार केला. “कळत नाही काही. पण मारायला निमित्त मिळतं गं. कुणी आधी मारलेलं असलं की मग बरं पडतं.”

पलीकडे पुढचा डाव लावल्याचा टुणकन आवाज आला. मग उत्कर्षा म्हणाली, “चल, खेळ.”

लेक हुशार. तिनं पुढच्या खेपेपासून ढेकळाला मारणंच कमी केलं. ती आडोसा लावून बसायची. मग हिराताईंची परतफेड वाया, म्हणून त्याही आडोसा लावायच्या. दोघींचे प्राणी पाठमोरे झाल्यासारखे आपापल्या आडोशामागे, कुणी कुणाला हात लावीना. वेळ संपून डाव बरोबरीत सुटायचा. एकदा नम्रता वाटीभर कढीपत्ता मागायला आली होती, ती मागं उभी राहून पाहत होती.

“हे युद्ध आहे?” ती म्हणाली. “अहो, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये याहून जास्त मारामारी होते.”

“होतं असं कधीकधी,” हिराताई म्हणाल्या.

“कधीकधी? आणि त्या घराचं काय ठरलं? तेही असंच चाललंय ना?”

ते खरं होतं. दिवाळीपासून घराचा विषय निघाला होता. उत्कर्षाला तिकडे जागा बदलायची होती. एक घर ऑफिसजवळ, लहानसं, दोघांपुरतं. दुसरं लांब, पण त्याला एक खोली जास्त, पूर्वेची खिडकी असलेली. आई येणार असेल तर ते दुसरं. पण आई येणार का? उत्कर्षा कधी सरळ विचारत नव्हती. ती म्हणायची, “तुला काय वाटतं ते सांग, मग आम्ही बघतो.” हिराताई म्हणायच्या, “तुमचं काय ते ठरू द्या, मग मी बघते.” असं किती आठवडे चाललं होतं.

“हो म्हणा नाहीतर नाही म्हणा,” नम्रता म्हणाली. “दोन्ही शब्द सोपे आहेत. मराठीच आहेत.”

“मला काही वाटतच नाही हो, नम्रता. हो पण नाही आणि नाही पण नाही.”

नम्रताच्या ओठांवर पुढचा टोमणा आलेला दिसत होता, पण तिनं तो गिळला. वाटी घेऊन गेली, आणि संध्याकाळी त्याच वाटीतून साबुदाण्याची खिचडी पाठवली.

पुढच्या रविवारी नम्रताकडची मंडळी शनिवार पेठेत तिच्या माहेरी जेवायला गेली होती. सकाळी जाताना तिनं दारातून सांगितलंही होतं, “दूधवाला आला तर माझी पिशवी घ्या, आम्ही रात्रीच येऊ.” हिराताईंनी मान हलवली होती. तरीसुद्धा स्वयंपाक झाकून झाल्यावर त्यांचे कान डक्टकडेच लागले. पलीकडे कुणी नाही हे माहीत आहे आणि तरी आपण ऐकतोय, हे त्यांना कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता. भूक लागलीय की नाही, तेही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फोन आला.

“जेवलीस का?”

“जेवते आता. तू?”

“बघू. आई, आज संध्याकाळपर्यंत त्या घरमालकांना सांगायचंय. दोन्ही घरं कुणी धरून ठेवत नाही गं आपल्यासाठी.”

“मग तुमचं काय ठरलं?”

उत्कर्षानं एक श्वास सोडला. तो स्पीकरमधून मोठा ऐकू आला. “खेळायचं का?” ती म्हणाली.

डाव लावला. पहिले दोन-दोन प्राणी फार न खेचता गेले. उत्कर्षा आज आडोशामागे बसत नव्हती, भराभर खेळत होती. शेवटी हिराताईंचं ढेकूळ आणि तिचं मुंगूस समोरासमोर आली. हिराताईंनी सवयीनं आडोसा लावला, म्हणजे मुंगसाचा पहिला वार अडेल. पण मुंगसानं वार केलाच नाही. पडद्यावर सगळं मैदान फिरल्यासारखं झालं, झाडं उलटी, आभाळ खाली, आणि रंग जांभळा.

“हे काय गं?”

“उलटफेर. नवीन शिकवलाय त्याला. आता पुढच्या काही फेऱ्या जो मंद, तो आधी.”

हिराताई पडद्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे माझं ढेकूळ...”

“तुझं ढेकूळ आधी. गळ्यात गोळा बांधलायस ना? या अख्ख्या खेळात आता त्याच्या आधी कुणी जाऊ शकत नाही.”

“आणि तुझं मुंगूस मागं? काऊन केलं गं असं? हे तर तुझंच नुकसान!” गडबडल्या की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी निघायची. सीताराम असते तर हसले असते.

“खेळ ना आई.”

त्यांनी परतफेड दाबली. बोटाला तीच माहीत. ढेकूळ आधी निघालं, डुलत डुलत मुंगसापाशी गेलं आणि त्याला नुसती ढुशी देऊन परत आलं. कुणी मारलंच नव्हतं, तर फेडायचं काय? मग मुंगूस आलं आणि कडकडून चावलं. ढेकळाचा जीव अगदी थोडा उरला. पुढच्या फेरीला त्यांनी आडोसा लावला, तो टिकला. पण आडोसा लागोपाठ टिकत नाही. त्यानंतरची फेरी आली तेव्हा त्यांच्यापुढे काय उरलं होतं? आडोसा गळणार. परतफेड फुकट. मुंगूस आणखी एकदा चावलं की ढेकूळ संपलं. राहिली गडगड, आपण होऊन अंगावर जायची चाल, जी त्यांनी इतक्या रविवारांत कधी वापरली नव्हती. मुंगूस पातळ अंगाचं, त्याचाही जीव कमी झालेला. गडगड बसली तर ते उरणार नव्हतं.

वेळेची पट्टी हळूहळू आखूड होत होती. ती संपली की फोन स्वतःच काहीतरी निवडतो.

“आई?”

“बघतेय.”

“मी माझी चाल लावलीय. तुझीच राहिलीय.”

डक्टमध्ये शांत होतं. हिराताईंनी एकदा तिकडे मान वळवली, मग गडगड दाबली.

ढेकूळ उठलं. गळ्यातल्या शिशासकट ते लोळत निघालं, अगदी सावकाश, त्याला कुठली घाई नव्हती आणि त्याच्या आधी कुणीही नव्हतं. मुंगूस आडवं झालं. पडद्यावर चांदण्या पडल्या.

“जिंकलीस,” उत्कर्षा म्हणाली.

हिराताईंना आनंद झाला का? तसं काही वाटलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की खेळात अशा वेळी मुंगसाकडे एक तोड होती. झडप. तिच्यावर उलटफेर चालत नाही, ती कुणाच्याही आधी बसते, आणि ढेकळाचा उरलेला जीव तेवढ्यानं गेला असता.

“तू झडप का नाही घातलीस?”

“विसरले.”

“उत्कर्षा, तू आठ वर्षांची असल्यापासून हे खेळतेस.”

“विसरले म्हटलं ना.”

फोनमध्ये पंख्याची घरघर ऐकू येत होती, तिच्या की यांच्या, कोण जाणे. हिराताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. समोरच्या भिंतीवर सीतारामांचा फोटो होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“लहान घर घे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“ऑफिसजवळचं. लहान. मले यायचं नाही.”

हिराताई थांबल्या. या वेळी मात्र थांबणं वेगळं होतं, बोलून झाल्यानंतरचं.

“त्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, आई,” उत्कर्षा अखेर म्हणाली. “मी पडद्याचा रंगसुद्धा बघून ठेवलाय.”

“मग हे आधी सांगायचं होतंस.”

“आधी सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.”

हे खरं होतं. हिराताईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“नक्की ना पण?” उत्कर्षानं विचारलं. “इथंच राहायचंय तुला? एकटीला?”

“नक्की कुठलं गं. नक्की काहीच नाही. पण चाल माझी होती ना.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “रडतेयस का?”

“हो. तू?”

“मला येत नाही अजून.”

“येईल.”

“बघू. आता ठेव, घरमालकांना फोन कर. मी जेवायला बसते.”

“माझं व्हायचंय अजून जेवण. अभिनव पोळ्या करतोय, चार वाजतील असं दिसतंय.”

हिराताईंच्या जिभेवर आलंच होतं, ‘मग तुमचं होऊ दे.’ शब्द दातांपर्यंत आले. त्या म्हणाल्या, “तू जेव सावकाश. मी बसते.”

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पलीकडची खिडकी बंद होती, तिथे कुणाचं काही झालेलं नव्हतं. त्यांनी ताट घेतलं, भाकरी, वांग्याची भाजी, भातावर वरण. खाली बसल्या आणि पहिला घास घेतला. मग घास तोंडात तसाच धरून थांबल्या.

वरणात मीठ नव्हतं. थोडंसुद्धा नव्हतं. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे. रोज जेवत होत्या त्या, आणि जिभेनं एकदाही सांगितलं नव्हतं.

गुडघ्यावर हात ठेवून हिराताई मीठ घ्यायला उठल्या.